कंटिन्युइटी चांगली करणाऱ्या मुलीचं काय करायचं?

दिग्दर्शक व्हायचं असेल तर कंटिन्युइटी (म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना, हे टिपून ठेवायचं काम) फार चांगली करू नका, असं मी नव्या मुलींना अर्धवट चेष्टेत सांगत असते. मुलगा असिस्टंट म्हणून लागला की आधी क्लॅप मारणं, मग सेट सांभाळणं, मग चीफ असिस्टंट अशी त्याची गाडी सरकत राहते. मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी कंटिन्युइटीचं पॅड येतं, का तर बायकांचं लक्ष बारीक. आणि ते नीट केलंत की संपलं, पुढच्या सिनेमालाही फोन त्याच कामासाठी. माझी कित्येक वर्षं अशीच गेली. अ‍ॅलिस गी गोमाँ कंपनीत सेक्रेटरी होती आणि तिथूनच १८९६च्या सुमारास दिग्दर्शनाला लागली, पण ऑस्करला दिग्दर्शनाची विजेती म्हणून बाईचं नाव पुकारायला २०१० उजाडावं लागलं (कॅथरिन बिगेलो), यात काय ते आलं.

तर परवा दिग्दर्शक म्हणून माझ्या पहिल्या सिनेमाचा जेवणाच्या टेबलाचा सीन होता. बघायला सोपा वाटतो, पण टेबलाभोवती सहा माणसं बसली की डोकं फिरतं. बोलणाऱ्या दोघांमध्ये एक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, १८० अंशांत ठेवायचा, नाहीतर शॉट जोडल्यावर दोघं एकाच दिशेला बघत बोलतायत असं दिसतं. सहा जणांत जोडी बदलली की रेघही बदलते. शिवाय ग्लासातलं पाणी किती, कोणत्या शब्दावर कोणाचा कोणता हात उचलला, हे प्रत्येक टेकला तेच हवं.

खिडकीतला खरा उजेड वापरायचा होता आणि नेमका एक नट उशिरा आला (कारण सांगायची त्याला गरज वाटली नाही). दुपारी डीओपी (मुख्य कॅमेरामन) म्हणाला, सगळे शॉट होणार नाहीत. म्हणाला कोणाला, तर माझ्या चीफला. मी शेजारीच उभी. लेन्स कुठली लावू हेही तो त्याच्याकडेच बघून विचारतो.

मी शॉट डिव्हिजन (कुठले शॉट घ्यायचे ती यादी) काढलं आणि तिथल्या तिथे अर्धं खोडलं. खिडकीच्या बाजूचे सगळे शॉट आधी आणि मग एकदाच उलटं फिरायचं, कारण लाइट हलवण्यातच दिवस जातो. सीनमधल्या वडिलांचा क्लोज-अप उडवला, ते बोलतायत आणि मुलगी ऐकतेय एवढंच घेतलं. एडिटला काय लागतं आणि काय तसंच पडून राहतं हे इतकी वर्षं शीटवर लिहून लिहून मला पाठ झालंय. मुलगी उठून टेबलाला वळसा घालते तिथे कॅमेरा तिच्यासोबतच नेला, म्हणजे चालू शॉटमध्येच रेघ ओलांडली आणि पलीकडचे दोन सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घ्यायचे शॉट) वाचले.

उजेड जायच्या आत सीन झाला. प्रोड्युसरने येऊन डीओपीची पाठ थोपटली. असो, त्याची आता सवय आहे.

हे सगळं निभावलं ते कंटिन्युइटीच्या पोरीमुळे. आम्ही उलटसुलट क्रमाने घेत होतो तरी ती प्रत्येक टेकच्या आधी, फोटो न बघता, 'मॅडम, ग्लास डाव्या हातात, पाणी अर्ध्याच्या खाली' असं सांगत होती. एकदा हळूच येऊन म्हणाली, काकांचा लुक (नजर) कॅमेऱ्याच्या उजवीकडून हवा. बरोबर होतं, आणि ते डीओपीच्याही लक्षात आलं नव्हतं.

पॅक-अपनंतर ती आली. म्हणाली, पुढच्या शेड्युलला मला सेटवर घ्या, पॅड दुसऱ्या कुणाला द्या. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर मग हे कोण बघणार? पुढे गर्दीचे सीन आहेत, दोन कॅमेरे आहेत. मलाही दर वेळी हेच ऐकवलं गेलं होतं आणि ऐकवणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना त्यांचा सिनेमा पूर्ण करायचा होता.

चीफ म्हणतो, क्लॅपवाल्या मुलाला द्या की. त्याला विचारलं तर तो हसत म्हणाला, मॅडम ते लिहिणंबिहिणं आपल्याला नाही जमणार. आणि विषय संपला, कोणी त्याला परत विचारलंही नाही. तिला मी सोमवारी सांगते म्हटलंय.