डावा खिसा

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

वहिनी आज दुपारी आल्या. त्यांनी पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली, माझा लग्नात दिलेला चाकू रुमालातून सोडवून तिच्याशेजारी ठेवला आणि बसता बसता म्हणाल्या, "बापू, तुमना दुसरा द्या बरं." मी डाव्या खिशातून आबांचा चाकू काढून दिला. त्यांनी एका पेरूच्या चार फोडी केल्या, पाते पदराला पुसले, आणि चाकू माझ्या हातात न देता टेबलावर ठेवत म्हणाल्या, "हातमा देऊ नही, भांडण व्हस." मग नव्या सुनेच्या माहेरी शेवभाजीत किती तिखट घालतात यावर बोलणे सुरू झाले आणि पाच वाजता त्या रिक्षाने गेल्या. एवढेच झाले. तेव्हापासून मी "दुसरा" हा एक शब्द घेऊन बसलो आहे.

शब्दात तसे काही नाही. परत आणलेला चाकू लिंबाने काळवंडलेला होता, त्याने पेरू कोण कापेल? म्हणून त्यांनी दुसरा मागितला. शिवाय अमळनेरला मीच त्यांना सांगितले होते की आबांचा चाकू जळगावला घरी राहिला आहे, आणि आज त्या जळगावच्याच घरी बसल्या होत्या. हिशेब जुळतो. तो जुळत नाही तो एकाच ठिकाणी: मागताना त्यांनी कपाटाकडे पाहिले नाही, माझ्या खिशाकडे पाहिले, आणि मीही कपाटाकडे गेलो नाही. हात आपला सवयीने खिशात गेला आणि चाकू घेऊन बाहेर आला. जो चाकू सदासर्वदा खिशात असतो, तो नेमका पुतण्याच्या हळदीच्या संध्याकाळीच घरी कसा राहिला होता, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

हळदीच्या संध्याकाळी नवरदेवाची कट्यार सापडेना. ती कोणत्या बॅगेत गेली यावरून कार्यालयाच्या दोन खोल्या उपसून झाल्या. हळद लागल्यानंतर नवरदेवाच्या हातात लोखंड हवे आणि त्याच्या टोकाला लिंबू हवे, यावर आमच्याकडच्या बायकांमध्ये दुमत नाही. तेव्हा वहिनी हळदीने माखलेल्या हातांनीच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की आबांचा चाकू तुमच्याकडे असेलच, तोच द्या, नातवाच्या हातात आजोबांचा चाकू राहील. मी लगेच बोललो नाही. दोन-तीन श्वासांइतका वेळ गेला असेल. मग म्हणालो, "तो घरी राहिला, वहिनी," आणि उजव्या खिशातला ओपिनेल काढून दिला. आबांचा चाकू त्या वेळी माझ्या डाव्या खिशात, मांडीला लागून होता.

ओपिनेल वाईट चाकू आहे असे नाही. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने १८९० मध्ये तो शेतकऱ्यांसाठी केला. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साधे पाते, आणि १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारे एक कडे, जे फिरवले की पाते उघडे असताना बोटांवर मिटत नाही. माझा आठ नंबरचा आहे, पाते साडेआठ सेंटिमीटरचे. तो स्टेनलेसमध्येही मिळतो, पण मी हौसेने कार्बन पोलादाचा घेतला, कारण त्याला सहाणेवर धार पटकन चढते आणि वापराप्रमाणे त्याचा रंग बदलत जातो. आता रंग बदलला आहे. हळदीपासून दुसऱ्या दिवशीच्या गोरज मुहूर्तापर्यंत लिंबू त्याच्यावर होते आणि नंतर कोणी ते पाते न पुसताच बॅगेत टाकले. टोकापासून दोन बोटे अंतरावर लिंबाची कड जिथे टेकली होती तिथे एक वाकडी, तांबूस रेघ आहे. तिच्या पुढचे पाते करडे, आणि रेघेवर नख फिरवले तर बारीक खड्डे लागतात. लिंबाचे आम्ल लोखंड खातेच, त्यात लिंबाचा दोष नाही.

परत येताना गाडीत मी स्वतःला जे समजावले ते असे, की मी आबांचा चाकू या लिंबापासून वाचवला. दोन आठवडे हे समाधान पुरले. पेरूच्या चार फोडी होईपर्यंतच ते टिकले म्हणायचे, कारण वहिनींनी फोडी करताना मी ते पाते नीट पाहिले. आबांचा चाकू लिंबापासून वाचवण्यासारखा राहिलेलाच नाही. सांबरशिंगाची मूठ, पितळेच्या दोन पट्ट्या, पाठीला एक स्प्रिंग आणि नखाने उघडायची खाच असलेले तीन इंची पाते, ज्याला कडे नाही की खटका नाही. नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर ते "टक्" असे उघडते आणि त्याहून जाड आवाजात मिटते. (इंग्लंडातल्या शेफिल्डचे कारागीर मुठींसाठी आपल्याकडच्या सांबराचे शिंग मागवत. आबांना हे मी एकदा सांगितले तेव्हा त्यांनी चाकूकडे न पाहता, शिंग गेले तसे पैसे आले का, एवढेच विचारले होते.) चाळीसेक वर्षे हा चाकू तापीकाठच्या आमच्या केळीत हिंडला. घड उतरवायला विळा असे, पण फण्या वेगळ्या करणे, सुतळी तोडणे, खताच्या गोण्या उघडणे, बांधावर कांदा चिरणे आणि हिवाळ्यात काड्यांच्या जाळावर टाकण्याआधी भरिताची वांगी टोचणे, ही सगळी कामे त्याची. केळीच्या चिकात टॅनिन असते आणि टॅनिनला लोखंड भेटले की काळे होते. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तीही याच गुणावर. म्हणजे त्या पात्यावर आहे ती एका अर्थाने शाईच आहे. तो निळसर काळा रंग लिंबाने थोडा उतरला असता, पुढच्या पेरूने पुन्हा चढला असता. आबा असते तर त्यांनी चाकू देऊन वर लिंबूही आणून दिले असते.

मग मी का दिला नाही?

पहिले उत्तर असे सुचते की या घरात माझ्या चाकूंना कोणी कधी मान दिलेला नाही. हे लिहितानाच थोडे रडगाण्यासारखे वाटते, पण खोटे नाही. शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेले माझे सतरा चाकू मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात आहेत आणि त्या डब्याला हिने ठेवलेले नाव भंगार असे आहे. साडू दर भेटीत "काढा बापू तुमचा रामपुरी" म्हणतो आणि स्वतःच हसतो. रामपूरचा चाकू खटक्याचा असतो, माझ्याकडे तो एकही नाही, हे त्याला सांगून मी थकलो. सणावाराच्या आधी जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघाला की मी मुकाट्याने दोन्ही खिसे रिकामे करतो आणि पंधरा दिवस सुतळी दाताने तोडतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना होते आणि घरगुती व शेतीची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत, हे मला पाठ आहे. पण नाक्यावरच्या हवालदाराला पाठ म्हणून दाखवण्यात शहाणपण नाही. डब्यात एक जपानी हिगोनोकामी आहे, दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा, ज्याने तिकडची शाळकरी मुले पेन्सिली तासत. १९६० मध्ये टोकियोत एका सतरा वर्षांच्या मुलाने असानुमा या समाजवादी नेत्याला भर सभेत तलवारीने मारले, आणि त्यानंतर मुलांच्या हातातून चाकू काढून घेण्याची मोहीम देशभर चालली. गुन्हा तलवारीचा आणि शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला. तो चाकू हातात घेतला की मला नेहमी आपलाच कोणी नातेवाईक भेटल्यासारखे वाटते.

पण हे उत्तर खरे नाही. ज्यांनी मान दिला नाही ते वेगळे. वहिनींनी तर त्या संध्याकाळी नेमका तोच चाकू नाव घेऊन मागितला होता. सतरा चाकूंच्या माणसाकडे इतक्या वर्षांत कोणी एवढ्या आदराने काही मागितले नव्हते, आणि मी खोटे बोललो.

तो चाकू मी आबांच्या तेराव्यानंतर कोनाड्यातून उचलला होता. दादा ओसरीवर बसलेला होता. त्याने पाहिले. वाटणीत विहीर, बैलजोडी, कोठीची खोली, सगळ्याची नोंद झाली. चाकूची झाली नाही, कारण तो तोवर माझ्या खिशात होता. दादाने नंतर कधीही विषय काढला नाही, आणि आता तो काढायला राहिलेला नाही. या गोष्टीचे यापुढे मला इथे लिहायचे नाही.

एवढेच नोंदवतो की हळदीच्या त्या दोन-तीन श्वासांत माझ्या मनात लिंबू नव्हते. एकदा तो चाकू त्या पोराच्या हातात गेला असता तर परत मागायचा कसा, हे होते. वस्तू ज्याच्याकडे जायला हवी त्याच्याकडे नुसती एका रात्रीपुरती जरी गेली, तरी ती तिथलीच दिसू लागते. साठी उलटलेल्या, पेन्शन खाणाऱ्या माणसाला तीन इंची पात्यासाठी अशी धडकी भरावी, हे लाज वाटण्यासारखे आहे आणि आता रात्री एकटा बसलो असताना थोडे हसू येण्यासारखेही आहे. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते इतक्या स्वच्छ प्रकाशात मी पूर्वी पाहिले नव्हते.

जेवणानंतर ओपिनेल घासायला घेतला. चुलीची राख आता मिळत नाही, म्हणून विटेची वस्त्रगाळ भुकटी तेलात कालवून बुचाने घासली. करडा भाग उजळला, तांबूस रेघ गेली, पण खड्डे राहिले, आणि ते घालवायचे तर पाते इतके झिजवावे लागेल की धारेची जाडी बदलेल. मधेच हात थांबवला. डब्यातल्या सतरा चाकूंपैकी सोळा अजून पार्सलातून निघाले तसे कोरे आहेत. त्यांनी कुणाच्या लग्नात उभे राहणे सोडाच, धड काकडीही चिरलेली नाही. संग्रह म्हणून मी ज्याचा तोरा मिरवतो त्यात काम केलेला हा एकच, आणि त्यालाही मी दगाफटक्याने कामाला लावला. खड्डे तसेच ठेवून तेलाचा हात फिरवला आणि कडे फिरवून मिटून टाकला.

हे सगळे इथे संपवून झोपणार होतो, म्हणजे वहिनींना कळले की नाही हा प्रश्न त्यांच्या स्वभावावर सोडून. पण मघाशी पुतण्याचा निरोप आला. अल्बमसाठी फोटो निवडायचे आहेत, काका, तुम्ही पण बघून घ्या, असे म्हणून त्याने चाळीसेक फोटो पाठवले आहेत. अकरावा फोटो हळदीचा आहे. मध्ये तो, गुडघ्यापर्यंत पिवळा, हातात माझा ओपिनेल आणि टोकावर लिंबू. त्याच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. पोरांनी तोवर माझ्यावर हळदीचे पाणी ओतून झालेले होते, आणि माझा पांढरा नेहरू शर्ट अंगाला असा चिकटला आहे की डाव्या खिशात आबांचा चाकू, मूठ खाली आणि पितळी टोक वर, ओल्या कापडातून पुरता ओळखू येतो. मी कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहे. वहिनी कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत.

पुतण्याने खाली लिहिले आहे की सर्वांत छान हाच आला आहे, हा पूर्ण पानावर घेऊ, चालेल ना? मी "चालेल" असे कळवले.