फिल्टर सुटेना, आणि तोडायचाही नव्हता

सेसना 150 जातीचे एक लहान विमान उड्डाणाच्या दर 50 तासांनी होणाऱ्या तपासणीसाठी आमच्या हँगरमध्ये आले होते. तेल काढायचे, फिल्टर बदलायचा, जुना फिल्टर कापून आत काय साठले आहे ते पाहायचे आणि नवे तेल भरून विमान परत द्यायचे, इतके सरळ काम होते. विमानाचे मालक ते स्वतःच उडवत असत आणि त्यांना दुपारी उड्डाण करायचे होते. काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उतरवून झाले होते, इंजिन कोमट असतानाच तेल काढून टाकले होते आणि फिल्टर सैल होऊ नये म्हणून बांधलेली सेफ्टी वायरही कापून झाली होती. अडले ते नेमके त्यानंतर.

या विमानातले काँटिनेंटल ओ-200 हे इंजिन चार सिलिंडरांचे, 100 अश्वशक्तीचे आहे. फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीच्या, समोर असतो. ठिणगीसाठी वीज पुरवणारे दोन्ही मॅग्नेटो, स्टार्टर आणि जनरेटर यांचीही तिथेच दाटी असल्याने हात घालायला जागा मिळते, पण तो फिरवायला मिळत नाही. मूळ रचनेत जिथे तेलाची जाळी असते, त्या जागी एक अ‍ॅडॅप्टर बसवून त्यावर हा फिरवून लावायचा फिल्टर घेतलेला होता. फिल्टरच्या बुडाला एक इंची षट्कोनी नट जोडलेला असतो आणि किती जोर लावून आवळायचे ते डब्यावरच छापलेले असते: 16 ते 18 फूट-पाउंड. तेवढ्या जोराने बसवलेला फिल्टर काढताना थोडा जास्त जोर लागतो, हे गृहीत धरावेच लागते. इथे मात्र सॉकेटला लांब दांडा लावून, अंगाचा भार देऊनही तो तसूभर हलला नाही. उलट नट जिथे डब्याला जोडलेला आहे त्याभोवतीचा रंग तडकू लागला. याचा अर्थ फिल्टर सुटण्याआधी नटच उपटून हातात आला असता, म्हणून मी तिथेच थांबलो.

माझ्याबरोबर एक शिकाऊ मुलगा होता. त्याने घरच्या मोटारीवर कधीतरी पाहिलेला उपाय सुचवला. "सर, डब्यात आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकू आणि त्याला धरून फिरवू. एका मिनिटात निघेल." मोटारीवर तो निघतही असेल. पण फिल्टर खरोखर चिकटलेला असेल, तर पत्रा स्क्रू ड्रायव्हरभोवती फाटत जातो, डबा हातात येतो आणि बैठकीची चकती गॅस्केटसह, म्हणजे तेल रोखणाऱ्या रबरी कड्यासह, इंजिनालाच राहते. त्यानंतर तिथे छिन्नी चालवण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि छिन्नी घसरली की अ‍ॅडॅप्टरच्या तोंडावर ओरखडा पडतो. याहून मोठे कारण असे की जुना फिल्टर हा त्या इंजिनाचा रक्ततपासणीचा अहवाल असतो. बेअरिंग किंवा कॅमशाफ्ट झिजू लागले, तर त्याची पहिली खूण बहुधा फिल्टरमधल्या कागदाच्या घड्यांतच सापडते. तिथे मीच पत्र्याचा कीस पाडला, तर पुढे चमकणारा कण इंजिनातला की माझ्या हातोडीचा, हे कोणाला सांगता येणार? मुलाला हे कारण पटले. मालकांना फारसे पटले नसावे, कारण ते घड्याळाकडे पाहत होते.

खरी धास्ती मला वेगळ्याच गोष्टीची होती. हा अ‍ॅडॅप्टरही आट्यांवरच बसतो, त्यामुळे चिकटलेला फिल्टर उलटा पिळताना फिल्टरऐवजी अ‍ॅडॅप्टरच ढिला होऊ शकतो. अशा अ‍ॅडॅप्टरांच्या आटे झिजून ते सैल होण्याच्या आणि तेल गळण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने सेसनाच्या काँटिनेंटल इंजिनांच्या विमानांसाठी 96-12-22 क्रमांकाचा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सुरक्षित उड्डाणासाठीचा बंधनकारक आदेश, काढलेला आहे. अ‍ॅडॅप्टर, त्याचा नट आणि इंजिनाचे घर यांवरून ओढलेली टॉर्क सीलची रेघ (आवळलेला भाग फिरला तर तुटणारी रंगाची खूण) जागची हलली आहे का, हे त्यामुळे पाहावे लागते. मी मुलाच्या हातात आरसा आणि टॉर्च दिला, रेघेवरून नजर काढायची नाही असे बजावले आणि पुन्हा हळूहळू जोर दिला. "सर, थांबा. रेघ तुटली." अगदी केसभर सरकली होती, पण सरकली होती.

आता विमान दुपारी जाणार नाही हे स्पष्ट झाले होते आणि मी ते मालकांना लगेच सांगितले. एकदा रेघ हलली की अ‍ॅडॅप्टर काढून त्याचे आटे तपासल्याशिवाय विमान सोडता येत नाही. त्यावर घासाघीस करायला वाव नसल्यामुळे असेल, पण त्यानंतर आमचे काम उलट निवांतपणे होऊ लागले.

ज्योतीने तापवून गॅस्केट मऊ करण्याचा विचार इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्यांच्या सान्निध्यात करायचाच नसतो. तेल काढून झालेले असल्याने इंजिन चालवून तापवण्याचा मार्गही बंद होता. मग फिल्टरच्या आड येणारी मॅग्नेटोला गार हवा देणारी नळी आम्ही सोडवली, डबा सॉल्व्हंटने पुसून कोरडा केला आणि त्यावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत करून गुंडाळला. पट्ट्याचा पाना त्यावर बसवला, पण डब्याच्या मध्यावर नव्हे, तर बैठकीच्या चकतीला अगदी लागून. मध्यभागी पत्रा चेपतो; चकतीजवळ तो दुमडलेला आणि म्हणून ताठ असतो. दुसऱ्या एका सहकाऱ्याने अ‍ॅडॅप्टर पान्याने घट्ट धरून ठेवला. मग पट्टा आणि नटावरचे सॉकेट, या दोन्हींवर एकाच वेळी, झटका न देता जोर वाढवत नेला, म्हणजे सगळा भार एकट्या नटावर पडू नये. बराच वेळ काही झाले नाही, आणि मग वाळकी फांदी मोडावी तसा आवाज होऊन फिल्टर फिरला. डबा थोडा चेपला होता, पण कुठेही फाटला नव्हता.

फिल्टर हातात आला तेव्हा त्याच्या खोबणीत गॅस्केटच नव्हते. ते अ‍ॅडॅप्टरच्या तोंडावर चिकटून राहिले होते. ही जागा बोटाने चाचपून पाहिलीच पाहिजे, कारण जुन्या गॅस्केटवर नवा फिल्टर चढवला, तर तेलाचा दाब येताच दोन्ही रबरे सरकतात आणि सगळे तेल पाहता पाहता बाहेर जाऊ शकते. प्लॅस्टिकच्या खरवडणीने आम्ही ते काढले. रबर टणक झाले होते, वाकवताच तडकत होते, आणि त्यावर किंवा तोंडावर ग्रीसचा मागमूस नव्हता. मागचा फिल्टर दुसऱ्या एका कार्यशाळेत बसवलेला होता. तिथे गॅस्केट कोरडेच लावले गेले असावे. आवळताना छापील मर्यादा पाळली होती की नाही, हे त्यावरून सांगता येत नव्हते आणि मी तसा दावाही केला नाही.

अ‍ॅडॅप्टर उतरवला. आटे सुदैवाने स्वच्छ होते, झिजेचा काळा चुरा कुठे दिसला नाही. नवे गॅस्केट घालून तो ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या जोरावर, बसवला आणि नवी रेघ ओढली. जुना फिल्टर मात्र करवतीने कापला नाही. डब्याच्या कडेने फिरणारा कटर वापरला, कारण त्याने कीस पडत नाही. कागदाच्या घड्या सोडवून सॉल्व्हंटमध्ये खळबळवल्या, खाली बसलेल्या गाळातून चुंबक फिरवले. कार्बनचे काळे कण पुष्कळ होते, लोखंडाचे जवळजवळ नव्हते. मुलाने तो कागद उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

नव्या फिल्टरच्या गॅस्केटवर डीसी-4 या सिलिकोन ग्रीसचा पातळ थर मीच मुलाकडून लावून घेतला, टॉर्क रेंचने 17 फूट-पाउंडांवर आवळले, सेफ्टी वायर घट्ट होण्याच्या दिशेला ओढ देईल अशी बांधली. इंजिन जमिनीवर चालवून गळती पाहिली. रिकामा फिल्टर भरल्यावर पातळी उतरतेच, तेवढे तेल वर घातले. लॉगबुकमध्ये अ‍ॅडॅप्टरची तपासणी डायरेक्टिव्हच्या क्रमांकासह नोंदवली. मालक दुसऱ्या दिवशी विमान न्यायला आले तेव्हा त्यांनी ती नोंद दोनदा वाचली आणि गॅस्केटला काय लावले तेही त्याखाली लिहायला सांगितले, कारण पुढची तपासणी ते पुन्हा त्या दुसऱ्या कार्यशाळेतच करून घेणार होते.