जुनी टूरिंग बाइक घेण्याआधीची फेरी: नाशिक–पहिने–घोटी–कसारा घाट–नाशिक

जुनी टूरिंग गाडी, म्हणजे लांबच्या प्रवासाची बाइक, कॉलनीत दोन चकरा मारून घेऊ नये. टूरिंगच्या गाडीतले दोष थंड इंजिनात, भरल्या वजनावर आणि तापल्यावर दिसतात, आणि या तिन्ही गोष्टी गल्लीत होत नाहीत. नाशिककरांना मात्र घराजवळच त्यासाठी उत्तम रस्ता आहे: त्र्यंबक रोडने पेगलवाडी फाटा, तिथून पहिनेमार्गे घोटी, पुढे इगतपुरी, कसारा घाट उतरून पुन्हा चढायचा आणि मुंबई–आग्रा महामार्गाने परत. अंतर साधारण १४० किमी, चहापाणी आणि तपासणी धरून पाच-सहा तास. आम्ही बघायला गेलो ती गाडी होती २०१९ ची, चारशे सीसीच्या आतबाहेरची एकसिलिंडर, लिक्विड कूल्ड, पॅनिअर (मागे दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या) लावलेली. मालक मागे बसायला तयार झाले, हे फार चांगलं झालं. एक तर त्यांची काळजी मिटते, दुसरं म्हणजे गाडीवर टूरइतकं वजन येतं.

दिवस आठवड्यातला कामाचा निवडा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पहिने गर्दीने भरून जातं आणि श्रावणी सोमवारी त्र्यंबक रस्त्यावर गाडी तपासणं शक्यच नाही. सोबत टॉर्च, मल्टिमीटर, हवेचा गेज, पांढरं फडकं, लांब स्क्रू ड्रायव्हर, जाड पुठ्ठा, कोरा कागद आणि पेन्सिल घ्या. निघण्याआधी इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहेत ना ते बघा. नसतील तर रस्त्यावर काढूच नका.

मालकाला आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगायचं: आम्ही सकाळी साडेसहाला येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्याबरोबर आधी इंजिनला हात लावायचा. कोमट लागलं तर सकाळी कुणीतरी गाडी सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड स्टार्टचा त्रास झाकायचा असू शकतो. डिसेंबर-जानेवारीतली नाशिकची पहाट या कामाला सगळ्यात चांगली. कमकुवत बॅटरी त्या थंडीत लपत नाही.

सुरू करण्याआधी बॅटरीवर मल्टिमीटर लावला. उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी निम्म्यावर आलेली आहे. स्टार्टर फिरताना व्होल्टेज १० च्या खाली पडता कामा नये. फ्युएल इंजेक्शनची गाडी ॲक्सिलरेटर न देता सुरू झाली पाहिजे. पहिले काही सेकंद वरून टिकटिक येते, तेल वर चढलं की ती कमी होते. तापल्यावरही राहिली तर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हवरची फट) बघायचं. ते काम किरकोळ आहे. पण इंजिनच्या एका बाजूने, दोन-तीन हजार आरपीएमला साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन (इंजिनमधले व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) किंवा तिला ताण देणारा टेन्शनर गेलाय असं समजा. ते किरकोळ नाही.

धुराबद्दल लोक उगाच घाबरतात. थंडीत सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ दोन-तीन मिनिटांत जाते. ती इंजिन तापल्यावरही येत राहिली आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधल्या सीलचा, संशय घ्या. सुरू करताना निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं. कूलंट स्वच्छ रंगाचं हवं. गंजकट पाणी किंवा तेलाचा तवंग दिसला तर पुढे जाऊ नका.

आता चार्जिंग. टूरिंग गाडीत सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच, आणि विकत घेताना सर्वांत कमी लोक हीच बघतात. इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर धरून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट, जादाचे फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर सगळं एकदम लावा. व्होल्टेज थोडं उतरेल, पण १३ च्या खाली गेलं तर स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल) किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) कमजोर आहे, नाहीतर जादा दिव्यांचा भार अल्टरनेटरला पेलत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब, तो बॅटरी शिजवतो. सीट काढून वायरिंग बघा. फॉग लॅम्पला स्वतंत्र रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. मूळ वायर सोलून वर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर पावसात ऐन घाटात गाडी बंद पडण्याची सोय करून ठेवली आहे असं धरा. या गाडीत फॉग लॅम्पची वायर हेडलाइटच्या वायरला जोडलेली निघाली. दोष दुरुस्त होणारा आहे, पण किमतीत धरायचा.

मग सांगाडा. टँकवरचे ओरखडे, फेअरिंगचा रंग यात वेळ घालवू नका. गुडघ्यावर बसून मागच्या सबफ्रेमचं (सीट आणि सामान पेलणाऱ्या सांगाड्याचं) प्रत्येक वेल्डिंग टॉर्चने बघा, विशेषतः पॅनिअरचा रॅक जिथे बोल्ट होतो तिथे. दोन्ही बाजूंना भार लटकवून खड्ड्यांतून हजारो किलोमीटर गेलेल्या गाडीला इथेच तडा जातो. एकाच सांध्यावर ताजा काळा रंग दिसला तर तिथे नखाने खरवडून बघा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून स्टॉपर बघा. तो चेपलेला किंवा तुटलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. लेगगार्ड नवा आणि फूटरेस्टची टोकं घासलेली, असं जोडीने दिसलं तर पडल्यावर गार्ड बदलला आहे.

फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर पांढरं फडकं फिरवा. तेलाचा डाग आला तर ऑइल सील गेलं. नखाला खड्डे जाणवले तर मात्र नळीच गंजली आहे आणि नवं सील टाकूनही ते पुन्हा फुटेल. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला बोटाने ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचं किट संपलं. चेन चार-पाच ठिकाणी चाक फिरवून तपासा, कारण सगळीकडे सारखी सैल नसेल तर ॲडजस्ट करूनही उपयोग नाही. टायरवरचा शेवटचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक पण टायर सहा वर्षांचा, अशी गाडी पावसात घसरते. स्पोकच्या रिमवर स्क्रू ड्रायव्हरने एकेक स्पोक हलका वाजवा. सगळ्यांचा सूर साधारण सारखा हवा, बद्द आवाज म्हणजे ढिला. अलॉय असेल तर चाक उचलून फिरवा आणि कडेवर नजर ठेवा. केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या ट्यूबलेस अलॉयच्या गाडीत खड्ड्याने कड वाकली की हवा हळूहळू उतरत राहते.

हे सगळं झाल्यावर निघालो. त्र्यंबक नाक्यापासून सातपूरपर्यंत सिग्नल आणि कारखान्यांची सकाळची गर्दी. ही गर्दी उपयोगाची आहे. उभ्या गाडीत न्यूट्रल सहज लागतो का, क्लच दाबून पहिला गिअर टाकल्यावर गाडी पुढे सरकत तर नाही ना, हे इथेच कळतं. चावी फिरवताच एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पळाल्यावर विझला पाहिजे. अजिबात न लागणारा दिवाही वाईट, कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा आहे, तेव्हा या गाडीत तो चालूच हवा. महिरावणीच्या पुढे मोकळी मातीची जागा बघून वीस-पंचवीसच्या वेगाने मागचा ब्रेक जोरात दाबला. पायाखाली थरथर आली, म्हणजे काम करतोय. पुढचा ब्रेक हळू दाबताना लिव्हर लयीत धडधडली तर डिस्क वाकडी आहे.

अंजनेरी मागे टाकून पेगलवाडी फाट्याला डावीकडे वळलं की खरी परीक्षा. पहिनेचा रस्ता वळणांचा, कुठे गुळगुळीत तर कुठे खडबडीत. इथे कोन सेट बोलतो. कोन सेट म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग. तो घासला की मधल्या सरळ स्थितीत खाच पडते, गाडी सरळ रेषेत हट्टाने धावते आणि वळणात एकदम कलते. मुख्य स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवा, मध्ये टक्क असं अडकलं की निदान पक्कं. या गाडीत ती खाच सापडली. मालकांना ती ठाऊक नव्हती, कारण ती रोज थोडी-थोडी वाढते आणि हाताला सवय होते. काम मोठं नाही, पण तसंच वापरलं तर मागे सामान असताना वेगात हँडल थरथरतं, आणि ते जिवावर बेततं.

खडबडीत पट्ट्यावर मागून गाडी उशिरा वळल्यासारखी वाटली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश बघा: मागचं चाक धरून आडवं हलवा, सांध्यात खेळ जाणवता कामा नये. मागे माणूस बसलेला असताना खड्ड्यात शॉकअप ठप्प करून टेकला तर आधी प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) किती खाचांवर आहे ते बघा. पूर्ण घट्ट करूनही टेकत असेल आणि रॉडवर तेल दिसत असेल तर शॉकअप बदलायचाच.

घोटीत नाश्ता. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करा, गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं का बघायला.

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी रोखा. गिअर आपोआप उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, आणि अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा. चढताना ट्रकांच्या मागे अडकायला होतं, त्याचाही फायदा घ्या. वरच्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरतायत. वर पोहोचून गाडी बाजूला सुरक्षित जागी आयडलवर उभी ठेवा. रेडिएटरचा पंखा आपणहून लागला आणि थोड्या वेळाने आपणहून थांबला पाहिजे. न थांबणारा पंखा आणि चढत जाणारं तापमान म्हणजे थर्मोस्टॅट, कूलंट किंवा चिखलाने बुजलेला रेडिएटर. टॉर्चने हेडची आणि सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट बघा. तिथे गळतीची ओलसर चमक असेल तर ती आता, तापल्यावरच दिसते. सकाळी धुतलेल्या गाडीवर दिसत नाही.

परतीला महामार्गावर ताशी ८० च्या स्थिर वेगाने मुंढेगाव, गोंदे, वाडीवऱ्हे. वरच्या गिअरला ६० वरून ८० पर्यंत गाडी अडखळत चढली तर एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल पंप या क्रमाने बघा. विल्होळीला थांबून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. ब्रेक फारसा न मारता एक बाजू जास्त तापलेली असेल तर कॅलिपरची पिन जाम आहे किंवा बेअरिंग चाललंय.

घरी आल्यावर गळती बघायला इंजिनखाली पुठ्ठा टाकून गाडी अर्धा तास तशीच उभी ठेवा आणि तेवढ्यात कागद बघा. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप काढा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. आकडे घासलेले वाटले तर तिथेच थांबा. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) मालकांनी आधी करून द्यायचं, नंतर नाही. परिवहन आणि वाहतूक पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवर चलन बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी प्लेट (सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवली आहे का तेही बघा. एमएच १५ ची, म्हणजे नाशिक आरटीओची, गाडी असेल तर मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० पुरतात. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. स्वस्त दिसणाऱ्या परराज्यातल्या गाडीचा हिशेब इथेच फिरतो.

किलोमीटरला घाबरू नका. दोन वर्षं उभ्या असलेल्या नऊ हजाराच्या गाडीपेक्षा, सर्व्हिसच्या नोंदी असलेली चाळीस हजाराची गाडी घ्यावी. उभ्या गाडीतलं ब्रेक ऑइल पाणी शोषतं, सील सुकतात, टाकी आतून गंजते. नोंदी चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरला मालकांसमोर विचारा. आकडा मागे फिरवला असेल तर जुन्या सर्व्हिसचा आकडा मीटरपेक्षा मोठा निघतो.

भाव करताना सापडलेल्या दोषांची यादी आणि त्या मॉडेलच्या सुट्या भागांचे त्या दिवशीचे दर समोर ठेवा. या गाडीच्या यादीत कोन सेट, वायरिंग आणि मागचा टायर आले, आणि मालकांनी तेवढी रक्कम विनातक्रार कमी केली. इसार दिलात तर पावतीवर चासी नंबर, तारीख, वेळ आणि त्या वेळचं किलोमीटर लिहून घ्या. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. मालकांचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियममधला तो फरक भरण्याची तयारी ठेवा.