हप्ते बिल्डर भरणार म्हणे

मी बँकेत होमलोन बघतो. परवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतला एक फौंड्री सुपरवायझर वडिलांना घेऊन आला, पाचगावच्या बाजूला ४२ लाखांचा फ्लॅट धरलाय आणि स्कीम काय तर बँकेनं सगळं लोन आत्ताच बिल्डरला द्यायचं, ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरणार. पोरगं जाम खूश.

साईट मी बघून आलेलो (व्हॅल्युअरचा रिपोर्ट असतो, पण मला फोटोवर भरवसा नाही). दोन स्लॅब झालेत, वरच्या सळ्या गंजल्यात, सिमेंटची पोती भिजून दगड झालीत आणि वॉचमन म्हणतोय पावसाळ्यापास्नं गवंडी फिरकलाच नाही. ह्यावर पूर्ण लोन कसं सोडणार? रिझर्व्ह बँकेनं २०१३ लाच सांगितलंय की पैसे बांधकाम होईल तसे द्यायचे. आणि बिल्डरनं हप्ते थांबवले तर सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) पोराचंच खराब होणार, कर्ज त्याच्या नावावर ना.

त्यात ३० ते ७५ लाखांच्या लोनला लिमिट किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ३३ लाख ६० हजार, स्टॅम्प ड्युटी त्यात धरायची नाही. वडील तापले, "काय वं साहेब, गरिबाचं घर झालेलं बघवत न्हाई व्हय?"

म्हटलं मामा, उद्या भाव उतरले तर?

"पाचगावात भाव उतरत न्हाईत."

अमेरिकेतपण २००८ च्या आधी हेच म्हणायचे की! पदरचं काही न घालता लोकांनी घरं घेतली, भाव पडल्यावर घरापेक्षा कर्ज मोठं झालं, हप्ते थकले, बँकांनी घरं विकायला काढली आणि भाव आणखी खाली. आपल्याकडं राज्य सरकारनं २०२० मध्ये स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली तेव्हा डिसेंबरात रजिस्ट्रेशनला ही झुंबड, असल्या सवलतीनं उद्या येणारं गिऱ्हाईक नुसतं आज येतं. मला विचाराल तर ८० टक्क्यांचा लगामच खरा, भले आमचं टार्गेट बुडू दे.

मग बोलता बोलता कळलं की बिल्डरला ५ लाख टोकन आधीच दिलंय, अ‍ॅग्रीमेंट नाही! रेरात (बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा) रजिस्टर केलेल्या अ‍ॅग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाही, इथं ४ लाख २० हजारच. पावती मागितली तर मामांनी बंडीच्या खिशातनं डायरीचं पान काढलं, नुसता आकडा, सही नाही. टोकन चेकनं दिलेलं तेवढं बरं.

पोरानं तिथंच बिल्डरला फोन लावला, आणि स्पीकरवर हात ठेवून मला विचारतोय, "साहेब, रेराचं नाव घेऊ काय?"

म्हटलं घे की.