चव्हाण, कॉलेजमागे, नांदेड

रजिस्टर पाकीट जाडसर होतं. डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला: यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. घेणाऱ्याच्या जागी पेनानं लिहिलेलं: चव्हाण पी. आर., यशवंत कॉलेजमागे, नांदेड. घर नंबर नाही, गल्ली नाही, मोबाईलही नाही. पाठवणारे चव्हाण, घेणारे चव्हाण, मधल्या खुणेतही यशवंत. सॉर्टिंगला शेजारी बसणारा म्हणाला, "तुझ्याच बीटचं आहे. घेऊन जा, आणि नाहीच सापडलं कुणी तर मुख्यमंत्र्याला दे."

त्याच्या थट्टेला कारण होतं. तारीख होती 11 नोव्हेंबर 2010. दोन दिवसांआधी अशोक चव्हाणांनी राजीनामा दिला होता आणि त्या दिवशी पृथ्वीराज चव्हाण शपथ घेणार होते. नांदेडात दुसरा विषय नव्हता.

पोस्टमनला आडनावाचा काडीचा उपयोग नसतो, हे लोकांना पटत नाही. पत्ता सापडतो तो हाक मारायच्या नावानं: अमक्याची आई, पिठाच्या गिरणीवाले, वरच्या मजल्यावरचे सर. त्यात चव्हाण म्हणजे तर विचारू नका. मराठ्यांत चव्हाण, बंजाऱ्यांत चव्हाण, आणखीही कुठं कुठं चव्हाण. आज कुणी "चव्हाणांच्या इथं जायचंय" म्हणालं, तर रिक्षावाला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेईल, नाहीतर प्रेक्षागृहाला. दोन्हींना शंकरराव चव्हाणांचं नाव. गोदावरीचं विष्णुपुरीला अडवलेलं पाणीसुद्धा शंकरसागर. मुंबईला पोराकडं निघालात, तर पुण्यापुढचा द्रुतगती मार्ग यशवंतराव चव्हाणांच्या नावाचा.

असो. कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. मागच्या दोन गल्ल्यांत मला चव्हाणांच्या तीन पाट्या माहीत होत्या. पहिल्या घरी कुलूप. दुसऱ्या घरी कुणी पी. नव्हतं. तिसऱ्या घरी रिटायर गुरुजी टीव्हीपुढं बसलेले. पाकीट बघितलंच नाही त्यांनी, आधी बोटं मोजायला लागले. "यशवंतराव, आपले शंकरराव दोनदा, अशोकराव, अन् आता हे. चार चव्हाण झाले की हो मुख्यमंत्री! फक्त खुर्ची नांदेडाहून कराडला गेली." चहा झाला. मग चष्मा लावून पाकीट वाचलं आणि म्हणाले, "मुक्त विद्यापीठाचं आहे. म्हणजे नोकरी-कामधंदा करून शिकणारं कुणीतरी असणार. रविवारी क्लास असतात त्यांचे. मागं बंगल्याचं बांधकाम चालू आहे ना, तिथली एक बाई फाईल घेऊन जाताना दिसायची. पण ते राठोड आहेत म्हणे."

बांधकामावर कुणी नव्हतं. चुलीतली राख गार, पत्र्याच्या खोलीला तार बांधलेली. समोर पानटपरी होती.

"वॉचमन कुठं गेला हो?"

"राठोड? दिवाळीला तांड्यावर गेले सगळे. तिकडूनच टोळी निघणार हाय, ऊस तोडायला. येत नाहीत आता उन्हाळ्याबिगर."

"मला चव्हाण पाहिजे."

"चव्हाण इथं कोणी नाय."

मी निघालो. अपूर्ण पत्त्याचा शेरा मारायचा, सात दिवस ठेवायचं, मग परत नाशिक. सायकलला टांग मारली आणि मागून आवाज आला, "ओ मामा! बाई मास्तरीणवानी शिकलेली हाय त्याची. तिचं माहेरचं असंल ना चव्हाण? त्यांच्यात काय राठोडाची पोरगी राठोडात देत नाहीत."

हे मला सुचायला हवं होतं. वीस वर्षं पत्रं वाटतोय. बायांची टपालं दोन-दोन आडनावांनी येतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण दिवसभर डोक्यात चव्हाणच घुमत होते, आणि गुरुजींनी राठोड म्हटलेलं मी ऐकून सोडून दिलं होतं. टपरीवाल्याकडं वॉचमनच्या भावाचा नंबर होता. लावला. मागं ट्रॅक्टरचा, लेकरांचा गलका. "कुठलं पाकीट? नाशिकचं? थांबा..." आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

शेरा मारला नाही त्या दिवशी. साहेब बोलले, मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बीटवर निघायच्या आत ती दारात. लोह्याकडून पहिल्या गाडीनं आलेली, कडेवर मूल, हातात प्लास्टिकची पिशवी. गाडी भरून तयार होती, दुपारी टोळी निघणार होती. ओळखपत्र मागितलं तर मतदानाचं कार्ड काढलं. त्यावर राठोड. साहेबांनी मान हलवली. मग तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं विद्यापीठाचं ओळखपत्र काढलं. फोटो लग्नाआधीचा, दोन वेण्या, नाव चव्हाण पी. आर. साहेबांनी फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"पहिल्या वर्षाला नाव घातलं तेव्हा माहेरीच होते जी," ती म्हणाली. "मग बदलायचं राहिलं. अर्जावर पत्ता मात्र इथला टाकला, कॉलेज जवळ म्हणून."

पोचपावती पुढं केली. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, पेन धरलं आणि थांबली.

"सही कोणती करू? चव्हाण का राठोड?"

"पाकिटावर आहे ती."

तिनं सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढत सही केली. पाकीट तिथंच फोडलं. आत बी. ए.ची पदवी. मुलानं कागदाला हात घातला तसा तिनं तो उंच धरला.

"टोळी कुणीकडं चाललीय?" मी विचारलं.

"कराडकडं," ती म्हणाली, आणि लोह्याच्या गाडीची वेळ विचारून निघाली.