अठ्ठ्याहत्तर अंश उत्तरेकडचा कचरा

आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातले लाँगिअरब्येन बंदर सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्हाला रबरी होड्यांमधून एका गोटाळ किनाऱ्यावर उतरवले, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर प्रत्येकाच्या हाती एकेक जाड गोणही देण्यात आली. स्वालबार्डमध्ये येणाऱ्या पर्यटक जहाजांवरचे प्रवासी स्वेच्छेने किनारे साफ करतात, हे मी वाचले होते. पण बंदूकधारी मार्गदर्शकांनी आधी टेकडीवर चढून अस्वल नसल्याची खात्री करावी आणि मग आपण कचरा वेचावा, हा अनुभव वेगळाच होता.

मी पहिल्यांदा वाकलो तो एक जुनी, गंजलेली पट्टी लावलेली फळी उचलायला, आणि लगेच मला थांबवण्यात आले. येथे १९४६ पूर्वीची माणसाची कोणतीही खूण, मग ती शिकाऱ्याच्या झोपडीची फळी का असेना, कायद्याने संरक्षित वारसा आहे. सायबेरियातल्या नद्यांतून वाहत आलेले ओंडकेही जागचे हलवायचे नव्हते. म्हणजे कचरा कोणता, हे ओळखण्यातच निम्मी सकाळ गेली.

गोणीत गेले ते मुख्यतः मासेमारीचे सामान: हिरव्या जाळ्यांचे तुकडे, दोर, पेट्या बांधायच्या पट्ट्या, जाळी तरंगती ठेवणारे प्लॅस्टिकचे गोळे. हर्णैच्या बंदरावर जे पाहतो तेच, फक्त बारेंट्स समुद्रातले आणि अटलांटिकच्या उबदार प्रवाहाबरोबर इथवर आलेले. अशा जाळ्यांत रेनडिअरची शिंगे अडकतात आणि ते प्राणी तडफडून मरतात. पर्यटकांनी टाकलेली म्हणावी अशी वस्तू मला एकही दिसली नाही, पण त्यावरून जहाजे निर्दोष ठरत नाहीत. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार १९८८ पासून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास बंदी आहे. तरीही अन्नाच्या वाया गेलेल्या भागात मिसळलेले प्लॅस्टिक बहामाजच्या पाण्यात सोडण्यासह आधीच्या प्रदूषणाच्या खटल्यात न्यायालयाने घातलेल्या परिवीक्षेच्या (देखरेखीच्या) अटी मोडल्याबद्दल कार्निव्हल या पर्यटक जहाजांच्या कंपनीला २०१९ मध्ये दोन कोटी डॉलर भरावे लागले. दळलेले अन्न किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर सोडता येते, त्यामुळे स्वयंपाकघरातली वर्गवारी चुकली की प्लॅस्टिकही त्याबरोबर जाते. म्हणूनच कचरा वेचण्यापेक्षा तो जहाजावर येऊच न देणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमच्या जहाजावर पाण्याच्या छोट्या बाटल्या नव्हत्या, शाम्पूही भिंतीवरच्या भरायच्या डब्यात होता. मात्र आम्ही सगळे अंगावर पॉलिएस्टरची लोकरीसारखी जाकिटे घालून हिंडत होतो, आणि धुताना त्यांचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, याकडे कोणीच लक्ष वेधले नाही.

शेवटी एका मोठ्या ट्रॉलजाळ्यापाशी (बोटीमागून ओढायच्या जाळ्यापाशी) आम्ही पाचजण अडलो. अर्धे जाळे वाळूत रुतले होते आणि खालचा भाग गोठलेल्या मातीत घट्ट बसला होता. सुरीने वरचा भाग कापून घेतला, मार्गदर्शकाने उरलेल्याची जागा नोंदवली, आणि आम्ही होडीकडे निघालो.