आउट झालेल्याने चहा करायचा

आमच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली अर्धा कागद लावलेला आहे. ‘पहिला आउट होईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा.’ खाली वेगळ्या पेनने, ‘साखर विचारून.’ त्याच्याही खाली तिसऱ्याच अक्षरात, ‘झब्बूत शेवटचा.’ कारण झब्बूत पहिला सुटतो तो जिंकलेला असतो आणि जिंकलेल्या माणसाला चहाला जुंपणं हा अन्याय आहे, असा मुद्दा तळमजल्यावरच्या काकांनी एका रात्री अकरा वाजता काढला होता. चर्चा पावणेबारापर्यंत चालली. तेवढ्या वेळात कुणीही तीनदा चहा केला असता.

आपल्या गावाचं हे नियमांचं वेड आजचं नाही. कॅम्पातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना इथे फूल रॅकेटने मारायचा नाद लागला, तेव्हा 1870च्या दशकात त्यांनीही बसून नियम लिहून काढले. त्या खेळाला तेव्हा ‘पूना’च म्हणत, त्याचं बॅडमिंटन पुढे झालं. पाण्याचाच गुण असावा.

तर दर दुसऱ्या शनिवारी कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये सतरंजी पसरली जाते. आम्ही दोघं, बायकोचा भाऊ, दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं आणि काका. काका बँकेतून निवृत्त झालेत, वाढले नारायण पेठेतल्या वाड्यात. खेळ पाळीपाळीने बदलतो, पण सुरुवात झाली ती माळ्यावरच्या जुन्या मोनोपॉलीने. तिच्यातले दोन फासे हरवलेत आणि घोड्याच्या जागी शर्टाचं बटण आहे.

या खेळाची गंमत अशी, की तो मुळात जमीनदारीची चीड यावी म्हणून काढलेला. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी 1904 साली ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चं पेटंट घेतलं. जमीन मोजक्यांच्या हातात गेली की भाडेकरू कसा पिळला जातो, हे लोकांना पटावर दिसावं, एवढाच बाईंचा हेतू. 1935 साली पार्कर ब्रदर्सनी मोनोपॉली बाजारात आणली आणि लोकांना दिसलं ते एवढंच, की पिळायला फार मजा येते. आमच्यात एकटे काका मॅगीबाईंच्या पक्षाचे. जन्म वाड्यात दोन खोल्यांच्या भाड्यात गेल्यामुळे त्यांना खेळातलंही भाडं द्यायला जिवावर येतं. “हे काय भाडं झालं? पावती फाडा आधी,” म्हणतात, आणि खरोखर हात पुढे करून बसतात.

या मोनोपॉलीत मी चार वर्षांत एकदाही पहिला आउट झालो नाही. एकदाही. हे मी ऑफिसात सांगत असे. डबा खाताना, विषय नसताना. हातात रोकड किती ठेवावी, घरं कधी बांधावीत, तुरुंगात बसून राहणं फायद्याचं कधी, यावर माझी काही ठाम मतं तयार झाली होती आणि ती मी समोरच्याने विचारायची वाट न बघता मांडत होतो.

उलट दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. शांत, हिशेबी, पेशाने सीए. दर वेळी तासाभरात दिवाळखोर. त्यांना एका रंगाची तिसरी जागा कुणी विकत नसे. त्यांच्या दोन जागा गहाण पडल्या की सगळे अचानक कायद्यावर बोट ठेवत. खेळाडूंनी एकमेकांना उसने पैसे द्यायचे नाहीत, हा मोनोपॉलीचा खरा नियम आहे. तो त्यांच्यापुरता काटेकोर पाळला जाई. मी अडचणीत आलो की मात्र मेहुणा गुडघ्याखालून पाचशेची नोट सरकवायचा. “असू दे हो भावोजी, नंतर बघू.” मला वाटे, पोरगा गुणी आहे.

बिचारे सीए उठत आणि ओट्यापाशी जात. आणि मग तो वास यायचा. आलं ठेचल्याचा, वेलदोडा फोडल्याचा. यांचं लहानपण पेठेत एका अमृततुल्यच्या वरच्या मजल्यावर गेलं. पितळी पातेल्यात चहा-साखर-दूध एकत्र रटरटत ठेवायचं, डावाने वर उचलून पुन्हा ओतायचं, फडक्यातून गाळून फडकं पिळायचं, हे सगळं त्यांनी जिन्यावरून पाहिलेलं. आमच्याकडे पातेलं स्टीलचं आणि फडक्याऐवजी प्लॅस्टिकची गाळणी, तरी चहा असा व्हायचा की कप तोंडाला लावल्यावर मिनिटभर कुणी फासे टाकत नसे.

एका शनिवारी मी खारी आणायला आत गेलो होतो. डबा घट्ट होता, म्हणून जरा वेळ लागला. बाहेरून सीएंच्या बायकोचा, वहिनींचा, दबका आवाज आला. “अगं, त्यांचं भाडं माफ कर. नाहीतर चहा ते करतील.”

आणि माझ्या बायकोचं उत्तर, “माफच करतेय गं. चार वर्षं काय करतेय मी?”

मी खारीचा डबा धरून तिथेच उभा राहिलो. चार वर्षं. एवढी रोकड, एवढी घरं, ऑफिसातली ती प्रवचनं!

माझा चहा वाईट आहे हे मला माहीत होतं, पण तो इतका वाईट आहे की चार माणसं गुप्त कट करतील, याचा अंदाज नव्हता. बायकोला विचारलं तेव्हा तिने शांतपणे पहिल्या वर्षातल्या एका रात्रीची आठवण करून दिली. खेळ पत्त्यांचा होता, मी हरलो होतो आणि चहा केला होता. मी दूध गरम व्हायला ठेवलं, त्यातच आलं किसून घातलं आणि दुधाच्या चोथा-पाण्याकडे बघत ‘दूध शिळं होतं’ असं जाहीर केलं. दूध त्याच संध्याकाळचं होतं. ते बायकोनेच आणलेलं होतं, हा तपशील मी तेव्हा लक्षात घेतला नव्हता.

पुढच्या रविवारी मी सीएंच्या घरी गेलो आणि सरळ म्हटलं, “शिकवा.” त्यांना कट माहीत नव्हता. आपले ग्रह वाईट आहेत अशी त्यांची समजूत होती आणि मी ती मोडली नाही.

त्यांनी पहिल्यांदा आल्याचं सांगितलं. आलं दुधात घालायचं नाही. आधी पाण्यात टाकून चांगलं खळखळू द्यायचं, मग पत्ती, दूध शेवटी. घरी येऊन शोधलं तर त्यामागे कारणही निघालं. कच्च्या आल्यात झिंजिबेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध फाटतं किंवा दह्यासारखं धरतं. उकळलं की त्याचा जोर जातो. चीनमध्ये म्हणे याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसावर गरम दूध ओतून गोड खरवसासारखा पदार्थ लावतात. म्हणजे मी त्या रात्री नकळत एका प्रतिष्ठित पक्वान्नाच्या जवळपास पोचलो होतो. हे बायकोला सांगितलं. तिने फक्त पाहिलं.

महिनाभर रोज सकाळी चहा मी केला. पत्ती टाकल्यावर पाण्याचा रंग विटकरी होऊन कडेला तपकिरी फेस धरतो, तेव्हा दूध घालायचं. नंतर पहिला उतू जाणारा फुगा फुंकर मारून बसवायचा, दुसरा गॅस बारीक करून, तिसऱ्याला उतरवायचं. हे सांगायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात तिसरा फुगा दर वेळी शेगडीवर बसला.

मधल्या काळात मेहुण्याने कतान आणलं. क्लाऊस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाचा हा खेळ 1995 साली आला. टॉयबर तेव्हा पोटापाण्यासाठी दातांच्या कवळ्या-टोप्या बनवत. मूळ पेटी चौघांचीच असते, म्हणून पाच-सहा जणांसाठीची जोडपेटी वेगळी घ्यावी लागली. काकांना हे अजून पचलेलं नाही. (“म्हणजे अर्धा खेळ विकला की!”) वीट, लाकूड, गहू, मेंढी, खनिज गोळा करायचं, रस्ते आणि वस्त्या बांधायच्या, दहा गुण झाले की जिंकलात. फार छान खेळ. फक्त एक घोटाळा आहे. कतानमध्ये कुणी आउटच होत नाही.

जर्मन लोकांनी हे मुद्दाम केलंय. मोनोपॉलीत बुडालेला माणूस दोन तास सोफ्यावर मोबाइल बघत बसतो. यांच्या खेळांत हरणारासुद्धा शेवटपर्यंत बसलेला असतो. विचार मोठा आहे, पण जर्मन माणसाच्या चहाचं काय होतं कोण जाणे. आमच्याकडे साडेदहा वाजले, अकरा वाजले, चहा नाही. मग मेहुण्याने सुचवलं, फाशांवर सात पडेल त्याने उठावं. दोन फाशांत सात सगळ्यांत जास्त वेळा पडतो, छत्तीसात सहा. पहिल्या अर्ध्या तासात तीन जण ओट्यापाशी एकमेकांना धडकले. शेवटी सौदे सुरू झाले. “दोन मेंढ्या देते, वीट दे.” “वीट देतो, चहा तू कर.” त्या रात्री माझ्या बायकोने एका विटेपायी सहा कप चहा केला आणि खेळही हरली.

चहा म्हणायचं एवढंच. प्रत्यक्षात सहा जणांच्या सहा तऱ्हा. मेहुण्याला कोरी कॉफी, बायकोला गवती चहा घातलेला, वहिनींना चहात साय चालत नाही आणि सीएंना सायीशिवाय चालत नाही. काकांना कॉफीच लागते, तीही दुधाची, जायफळ किसून घातलेली. आपल्याकडची ही कॉफी मला कायम कोड्यात टाकते. जायफळाने झोप येते म्हणून तान्ह्या बाळाला उगाळून चाटवायची आपली रीत, आणि तेच आपण झोप उडवणाऱ्या कॉफीत घालतो. काकांना विचारलं तर म्हणाले, “बँकेत नोकरी केलीस का कधी? दोन्ही बाजू जुळाव्या लागतात.”

तयारी पुरेशी झाली असं वाटल्यावर एका शनिवारी मी खेळाआधीच सगळ्यांना चहा दिला. कुणी काही बोललं नाही. काकांनी जायफळाच्या कॉफीचा आग्रह न धरता अख्खा कप संपवला आणि बशीत सांडलेलाही प्यायले. मग मोनोपॉली मांडली. पंचवीस मिनिटांत मी दिवाळखोर झालो. मेहुण्याचा गुडघा जागचा हलला नाही. सीए त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा जिंकले आणि घरी जाताना म्हणाले, “शनी बदलला बहुतेक.”

तेव्हापासून मी ओट्यापाशीच असतो. परवा कोजागिरीलाही तेच झालं. खरं तर कोजागिरी ही आपली मूळची खेळाची रात्र. को जागर्ति, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण व्रतकथेतल्या श्लोकात ती पुढे म्हणते, की फासे खेळत बसलेला असेल त्याला मी धन देईन. म्हणजे नुसतं जागं राहून भागत नाही, डाव मांडलेला हवा. हे काकांनी गच्चीवर सतरंजीवर बसल्याबसल्या सांगितलं आणि वाड्यातून आणलेला कापडी सारीपाट उलगडला. कवड्या सात होत्या. माझ्या सोंगट्या कुणी सलग तीनदा मारल्या ते मी इथे लिहीत नाही, संसार करायचाय.

दूध खाली घरात आटत होतं. अडीच लिटरचं निम्मं व्हायला आलं होतं. कडेची साय उलथन्याने खरवडून परत दुधात सोडली, केशर खललं, चारोळी घातली. दोन जायफळं घेतली आणि पहिलं किसणीला लावलं. तेवढ्यात फोन वाजला. काकांचा.

“जायफळ घातलंस का?”

“किसतोय.”

“अर्धंच किस रे. अजून एक डाव बाकी आहे.”